स्मॉग चेकमध्ये गाडी फेल झाली? गॅरेजच्या आधी अर्ज

गेल्या ऑगस्टमध्ये रात्री नऊ वाजता एका मैत्रिणीचा फोन आला. "अगं, गाडी स्मॉगमध्ये फेल झाली. गॅरेजवाला म्हणतोय धूर साफ करणारा कन्व्हर्टर बदलावा लागेल, सतराशे डॉलर. उद्या सकाळी गाडी सोडायची आहे."

"काम करायला हो म्हणालीस?"

"अजून नाही."

"मग उद्या जाऊ नकोस."

एवढं ठामपणे मी सांगू शकले, कारण काही वर्षांपूर्वी मी स्वतः गेले होते. माझी गाडी स्मॉग चेकमध्ये, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या सक्तीच्या धूर तपासणीत, फेल झाली तेव्हा घाबरून जवळच्या गॅरेजमध्ये नेली. त्यांनी दोन सेन्सर बदलले, ४८० डॉलर घेतले, आणि पुन्हा तपासणी केली तर गाडी पुन्हा फेल. मग कुणीतरी सांगितलं की कॅलिफोर्निया राज्य या दुरुस्तीसाठी पैसे देतं. अर्ज करायला बसले तेव्हा कळलं की आधी करून घेतलेल्या कामाचे पैसे परत मिळत नाहीत. मंजुरी आधी, दुरुस्ती नंतर. ते ४८० डॉलर गेले ते गेले.

कॅलिफोर्नियात आपली मराठी माणसं खूप आहेत, आणि सगळेच काही नव्या इलेक्ट्रिक गाड्या चालवत नाहीत. पीएचडी करणारी मुलं आहेत, एकाच्या पगारावर चाललेली घरं आहेत, डेकेअरमध्ये किंवा दुकानात काम करणाऱ्या बायका आहेत, निवृत्त आजी-आजोबा आहेत. त्यांच्याकडे वीस वर्षांची जुनी गाडी असते आणि तिच्याशिवाय घरात दूधही येत नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

तपासतात काय?

आपल्याला पीयूसी माहीत असते. पेट्रोल पंपाच्या कडेला उभी असलेली व्हॅन, सायलेन्सरमध्ये घातलेली नळी, आणि दोन मिनिटांत हातात पडणारं सर्टिफिकेट. इथला स्मॉग चेक त्याच जातीचा, पण बराच कडक. २००० सालच्या आणि त्यानंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना इथे नळी लावतच नाहीत. स्टिअरिंगखाली एक सॉकेट असतं, त्याला केबल जोडून गाडीच्या कॉम्प्युटरलाच विचारतात की धूर साफ करणारी यंत्रणा नीट चालते आहे का. १९७६ ते १९९९ या काळातल्या गाड्यांचा धूर मात्र अजून प्रत्यक्ष मोजतात. त्याशिवाय बॉनेट उघडून सगळे भाग जागेवर आहेत का, कुणी काही काढलं-बदललं आहे का, हेही बघतात.

बहुतेक पेट्रोल गाड्यांना पहिली आठ वर्षं ही तपासणी लागत नाही, त्याऐवजी रजिस्ट्रेशनबरोबर एक छोटी फी भरायची असते. मग दर दोन वर्षांनी डीएमव्हीच्या (राज्याच्या वाहन नोंदणी खात्याच्या) पत्रावर 'स्मॉग सर्टिफिकेट आवश्यक' असं येऊ लागतं. १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना सूट आहे, पूर्ण इलेक्ट्रिक गाड्यांनाही. हायब्रिडला मात्र नाही. हे अनेकांना माहीत नसतं.

एवढा कडकपणा का, हे लॉस एंजेलिसच्या इतिहासात आहे. १९४३ च्या जुलैमध्ये तिथे एके दिवशी इतकं दाट, डोळे चुरचुरवणारं धुकं पसरलं की युद्धाच्या दिवसांत लोकांना वाटलं, शत्रूने विषारी वायू सोडला. पुढे कॅलटेकमधले रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी दाखवून दिलं की गाड्या आणि तेल कारखान्यांमधून निघणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड उन्हात एकमेकांशी संयोग पावतात आणि त्यातून ओझोन तयार होतो. छातीत जळजळ करणारा तो हाच. १९८४ मध्ये स्मॉग चेक सुरू झाला.

राज्य पैसे का देतं, याचं उत्तरही इथेच आहे. बहुतेक गाड्या बऱ्यापैकी स्वच्छ चालतात. थोड्याच गाड्या बिघडलेल्या असतात, पण एकूण धुराचा मोठा वाटा त्यांचा असतो. त्या गाड्या बहुधा अशा घरांत असतात जिथे दुरुस्तीला पैसे नसतात. नुसता दंड करून ती हवा स्वच्छ होणार नाही. म्हणून ही मदत घेताना ओशाळं वाटून घेऊ नका. माझ्या मैत्रिणीलाही आधी तसंच वाटलं होतं. शेजारच्या घरातल्या दम्याच्या मुलालाही तुमच्या दुरुस्तीचा फायदा होतो, आणि राज्याने हा पैसा त्यासाठीच ठेवला आहे.

पैसे किती, आणि कोणाला?

योजनेचं नाव कन्झ्युमर असिस्टन्स प्रोग्रॅम, लोक त्याला 'कॅप' म्हणतात. चालवतो राज्याचा ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअर. १९९६ किंवा त्यानंतरच्या मॉडेलला दुरुस्तीसाठी १,४५० डॉलरपर्यंत, आणि १९७६ ते १९९५ च्या मॉडेलला १,१०० डॉलरपर्यंत.

यात २० टक्के तुमचे असतात. मैत्रिणीचं उदाहरण घेऊ. निदान आणि दुरुस्ती मिळून खर्च १,७०० डॉलर. त्याचे २० टक्के म्हणजे ३४० तिने द्यायचे. उरलेले १,३६० राज्याचे, कारण ते १,४५० च्या आत बसतात. तोच खर्च २,००० झाला असता तर तिचा वाटा ४०० आणि राज्याचा १,६०० होतो, पण राज्य १,४५० वर थांबतं, म्हणून वरचे १५० सुद्धा तिच्याच खिशातून जातात, एकूण ५५०. गाडी नेण्याआधी हा हिशोब कागदावर करून पाहा, म्हणजे ऐनवेळी धक्का बसत नाही.

पात्रता ठरते घराच्या एकूण उत्पन्नावर, कर कापण्याआधीच्या. अमेरिकेचं केंद्र सरकार दरवर्षी घरातल्या माणसांच्या संख्येप्रमाणे दारिद्र्यरेषेचा एक आकडा जाहीर करतं. तुमचं उत्पन्न त्या आकड्याच्या सव्वादोनपटीच्या आत हवं. २०२५ च्या आकड्यांनी हे एकट्या माणसाला सुमारे ३५,२०० डॉलर, दोघांना ४७,६००, तिघांना ६०,०००, आणि चौघांच्या घराला सुमारे ७२,३०० डॉलर होतं. 'दारिद्र्यरेषा' हा शब्द ऐकूनच अनेक जण पान बंद करतात. कृपया करू नका. वर्षाला सत्तर हजार मिळवणारं चौकोनी कुटुंब बे एरियात भाडं भरून कसं राहतं ते आपल्याला माहीत आहे, आणि ते कुटुंब इथे पात्र ठरतं. विद्यापीठाच्या स्टायपेंडवर एकटा राहणारा विद्यार्थीही बहुधा बसतो.

आणखी काही अटी. गाडी अर्जदाराच्याच नावावर हवी. कंपनीच्या किंवा संस्थेच्या नावावरची चालत नाही. ती दर दोन वर्षांच्या नेहमीच्या तपासणीत फेल झालेली हवी. जुनी गाडी नुकतीच विकत घेतली आणि नाव बदलताना फेल झाली, तर कॅप मदत करत नाही. तिथे कायदा वेगळा आहे, चालू स्मॉग सर्टिफिकेट देणं ही विकणाऱ्याची जबाबदारी असते. म्हणून ओळखीच्याकडून स्वस्तात गाडी घेताना, अगदी मंडळातल्या काकांकडून घेत असलात तरी, आधी सर्टिफिकेट मागा, मग पैसे द्या. आणि गाडीतली धूर साफ करणारी यंत्रणा कुणी मुद्दाम काढून किंवा बदलून टाकली असेल तर मदत मिळत नाही.

क्रम चुकवू नका

पूर्ण लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: फेल झाल्याचा कागद घ्या, घरी या, अर्ज करा, आणि मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत गाडीला कुणालाही हात लावू देऊ नका.

फेल झाल्यावर तपासणी केंद्र एक छापील अहवाल देतं. तो जपून ठेवा. गाडी कशामुळे फेल झाली आणि कॉम्प्युटरने कुठले कोड दिले हे त्यावर असतं. अर्ज ब्युरोच्या संकेतस्थळावर भरता येतो. गाडीचा नंबर, उत्पन्न, घरातली माणसं, आणि सही. उत्पन्न खरं लिहा, कारण ती सही खोट्या साक्षीच्या गुन्ह्याच्या इशाऱ्याखाली असते.

मंजुरीच्या पत्रावर मुदत असते आणि दुरुस्ती कुठे करायची हेही ठरलेलं असतं. ब्युरोने 'स्टार' दर्जा दिलेलं, योजनेत सहभागी असलेलं केंद्रच चालतं. इथे एक बारकावा आहे. स्टारमध्ये काही केंद्रं फक्त तपासतात, दुरुस्ती करत नाहीत. तुम्हाला दोन्ही करणारं हवं. फोन करून सरळ विचारा, "तुम्ही कॅपचं काम घेता का?" घेत असतील तर ते आधी निदान करतात, मग ब्युरोकडून कामाला परवानगी घेतात, आणि राज्याचा वाटा परस्पर त्यांना मिळतो. तुम्ही फक्त तुमचा वाटा भरायचा. ब्रेक, टायर, तेलगळती यांचा यात संबंध नाही, पैसा फक्त धुराशी निगडित दुरुस्तीला.

अर्ज मंजूर व्हायला वेळ लागतो आणि तोवर रजिस्ट्रेशनची तारीख जवळ येते. इथे लोक दुसरी चूक करतात. स्मॉग झाला नाही म्हणून रजिस्ट्रेशनचे पैसेही भरत नाहीत, आणि उशिराचा दंड वाढत जातो. पैसे वेळेत भरा. डीएमव्ही स्टिकर रोखून धरेल, पण दंड लागणार नाही. मग फेल झाल्याचा कागद दाखवून त्यांच्याकडून ६० दिवसांचा तात्पुरता परवाना ५० डॉलरला मिळतो. तो दोन वर्षांच्या तपासणीच्या फेरीत एकदाच मिळतो, म्हणून घ्यायच्या आधी मंजुरी कधीपर्यंत येईल याचा अंदाज घ्या.

कन्व्हर्टरच का जातो?

थोडं यंत्राबद्दल, कारण हे कळलं की गॅरेजमध्ये बोलणं सोपं जातं. गाडीखाली एक्झॉस्टच्या पाइपमध्ये डब्यासारखा एक भाग असतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ थर. धूर त्यातून जाताना विषारी वायूंचं पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि साधा नायट्रोजन होतो. या धातूंमुळेच तो महाग असतो, आणि चोर तो कापून नेतात तेही याचसाठी. चोरीला गेला असेल तर आधी स्वतःची विमा पॉलिसी बघा, कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तर चोरी त्यात येते.

कन्व्हर्टर सहसा आपणहून मरत नाही, त्याला कुणीतरी मारतं. इंजिनात एखादा स्पार्क प्लग नीट पेटला नाही तर न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरपर्यंत पोहोचतं, तिथे जळतं, आणि आतली जाळी वितळते. इंजिन तेल खात असेल तर त्या तेलाचा लेप धातूंवर बसतो. मूळ दुखणं तसंच ठेवून नुसता नवा कन्व्हर्टर बसवला तर तोही वर्षा-दोन वर्षांत जातो. म्हणून 'पी०४२०' हा कोड आला, म्हणजे कन्व्हर्टर कमी काम करतोय असं कॉम्प्युटर म्हणाला, की लगेच बदला असा त्याचा अर्थ होत नाही. पाइपला गळती असू शकते, ऑक्सिजन सेन्सर चुकीचं वाचत असू शकतो. विचारा, "तो का गेला?" चांगला मेकॅनिक या प्रश्नावर चिडत नाही, तो समजावून सांगतो.

इंटरनेटवर अर्ध्या किमतीत दिसणारा कन्व्हर्टर मागवू नका. दुसऱ्या राज्यांसाठी बनलेला भाग कॅलिफोर्नियात बेकायदेशीर ठरतो. इथे चालणाऱ्या भागावर राज्याच्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक कोरलेला असतो, आणि तपासणीत तो बघतात.

आणखी एक प्रकार सर्रास चालतो. चेक इंजिनचा दिवा लागला की बॅटरीची तार काढून पुन्हा लावायची, दिवा विझतो, मग लगेच तपासणीला जायचं. याने काही साधत नाही. कोड पुसला की गाडीचा कॉम्प्युटर आपल्या सगळ्या अंतर्गत चाचण्या नव्याने सुरू करतो, आणि त्या पूर्ण झाल्या नसतील तर तपासणीत 'अपूर्ण' म्हणून फेल. २०१० आणि त्यानंतरच्या मॉडेलमध्ये तर कायमचे कोडही बघतात, ते तार काढून पुसले जात नाहीत. खरी दुरुस्ती झाल्यावर थोडे दिवस शहरात आणि थोडे फ्रीवेवर अशी नेहमीसारखी गाडी चालवली की त्या चाचण्या पूर्ण होतात.

अर्जाच्याही आधी: वॉरंटी

हे फार कमी लोक बघतात, आणि मला सगळ्यात जास्त हळहळ याचीच वाटते. धुराच्या यंत्रणेची वॉरंटी गाडीच्या नेहमीच्या वॉरंटीपेक्षा लांब असते. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नियमाने कन्व्हर्टर आणि इंजिनच्या कॉम्प्युटरला ८ वर्षं किंवा ८०,००० मैल. कॅलिफोर्नियाच्या नियमाने महागड्या भागांना ७ वर्षं किंवा ७०,००० मैल. पण गाडीला 'पीझेव्ह' असा दर्जा असेल, म्हणजे बॉनेटच्या आतल्या बाजूच्या स्टिकरवर पी-झेड-ई-व्ही ही अक्षरं असतील, तर १५ वर्षं किंवा १,५०,००० मैल. बऱ्याच हायब्रिड आणि काही साध्या पेट्रोल गाड्यांनाही हा दर्जा होता. अशी २०१३ ची गाडी १,२०,००० मैल चाललेली असेल तर कन्व्हर्टर फुकट बदलून मिळू शकतो, अर्जही नको आणि २० टक्केही नकोत. बॉनेट उघडा, स्टिकरचा फोटो काढा, कंपनीच्या डीलरला फोन करा.

गाडी दुरुस्त करण्याच्या पलीकडे गेली असेल तर

कधी निदान झाल्यावर कळतं की खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त आहे. तेव्हा त्याच योजनेचा दुसरा भाग बघा. जुनी गाडी राज्याला मोडीत द्यायची. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्याला २,००० डॉलर, इतरांना १,३५०. इथेही तोच क्रम, आधी मंजुरी, मग राज्याशी करार असलेल्या मोडीच्या अड्ड्यावर गाडी स्वतः चालवत न्यायची. टोइंगने आणलेली चालत नाही. गाडी गेली दोन वर्षं कॅलिफोर्नियात रजिस्टर असायला हवी. साधा भंगारवाला याहून बराच कमी देतो, म्हणून घाईने त्याला विकू नका.

त्याच्या जागी स्वच्छ गाडी घ्यायची असेल तर 'क्लीन कार्स फॉर ऑल' ही वेगळी योजना आहे. ती बे एरिया, लॉस एंजेलिसचा परिसर, सॅन होआकिन खोरं, सॅक्रामेंटो, सॅन डिएगो इथली हवा मंडळं चालवतात. तिथली रक्कम ९,५०० डॉलरपर्यंत, आणि प्रदूषणाचा जास्त भार असलेल्या वस्त्यांमध्ये १२,००० पर्यंत जाते. उत्पन्नाची अटही सैल, दारिद्र्यरेषेच्या तिप्पट. पैसा संपला की अर्ज बंद होतात आणि पुन्हा उघडतात, त्यामुळे अधूनमधून बघत राहावं लागतं.

फ्रेस्नो, बेकर्सफील्ड, स्टॉक्टन या भागात राहणाऱ्यांना आणखी एक वाट आहे. तिन्ही बाजूंनी डोंगर असल्यामुळे सॅन होआकिन खोऱ्यात धूर बशीतल्या पाण्यासारखा साचतो आणि हवा देशातल्या सगळ्यात खराब हवेत गणली जाते. तिथे 'ट्यून इन अँड ट्यून अप' नावाचे शनिवारचे मेळावे भरतात. गाडी घेऊन जायचं, तिथल्या तिथे धूर तपासतात, आणि जास्त निघाला तर दुरुस्तीचं व्हाउचर देतात. स्मॉग चेकमध्ये फेल होण्याची वाटही बघावी लागत नाही.

उत्पन्न थोडं जास्त असल्यामुळे कुठेच न बसणाऱ्यांसाठी एक शेवटचा उपाय उरतो. परवानाधारक केंद्रात धुराच्या दुरुस्तीवर किमान ६५० डॉलर खर्च करूनही गाडी फेलच होत असेल, तर राज्याने नेमलेल्या स्मॉग चेक रेफरीकडे जाऊन सवलत मागता येते. मिळाली तर एका फेरीपुरती, म्हणजे दोन वर्षं, गाडी रजिस्टर होते. ही एकदाच मिळते, आणि पुढच्या वेळी गाडी पास व्हावीच लागते. तिथे बिलं दाखवावी लागतात, म्हणून चाळीस डॉलरचं बिलही फेकू नका.

माझ्या मैत्रिणीने रजिस्ट्रेशनचे पैसे भरले, तात्पुरता परवाना काढला आणि पत्राची वाट पाहिली. नव्या केंद्रातल्या मेकॅनिकला निदानात एक खराब इग्निशन कॉइल सापडली. तिच्यामुळेच कन्व्हर्टर गेला होता. दोन्ही बदलून तिने ३५२ डॉलर भरले. तिच्या नवऱ्याच्या गाडीचा स्मॉग मार्चमध्ये आहे. बॉनेटखालच्या स्टिकरचा फोटो तिने मला कालच पाठवला.